जागलीवरची तबकडी

पडद्यावर चार चौकोन होते. फाटक, अंगण, दुकानाचं शटर आणि मागची बोळ. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल ठिपका, म्हणजे चित्रण चालू. अंगणातून गेलेल्या मांजराच्या मिश्यासुद्धा मोजता याव्यात इतकं स्वच्छ चित्र. मग दुरुस्तीला आलेल्या तरुणानं कालची तारीख उघडायला घेतली आणि कॉम्प्युटर अडला. माऊसजवळचं चक्र फिरत राहिलं, कॅबिनेटच्या आतून बारीक खट्‌खट् ऐकू येऊ लागली. बऱ्याच वेळानं वेळेची पट्टी उघडली, तर तिच्यात चित्रणाच्या हिरव्या तुकड्यांपेक्षा मोकळ्या जागाच जास्त होत्या. रात्री दोन ते पहाटे पाच, काहीच नाही.

"काऊन जी, दिसून तर सारंच रायलं," घरमालक काका म्हणाले.

"दिसून रायलं काका, पण लिहिल्या जाऊन नाही रायलं."

समोर दिसणारं चित्र कॅमेऱ्याकडून सरळ पडद्यावर येतं, त्यासाठी हार्ड डिस्क लागत नाही. डिस्क लागते ती मागचं पाहायला. आणि मागचं पाहायची वेळ वर्षातून एखाद्या वेळी येते, बहुधा काहीतरी वाईट घडल्यावर. त्यामुळे डिस्क महिनोन्‌महिने आजारी असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. कळतं ते एवढंच, की "मशीन आजकाल लय स्लो झाली."

संपादकांनी यंदा 'जागल' हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे शेतातलं मचाण आणि शेकोटी असणार. नागपूर जिल्ह्यातल्या कुहीत मचाणं अजून आहेत. पण गावठाणातली जागल आता या डब्यांकडे गेली आहे, आणि मला त्या डब्यांच्या आत काय चालतं ते पाहायचं होतं.

मिरचीच्या गावातले कॅमेरे

नागपूरहून आग्नेयेला सुमारे चाळीस किलोमीटरवर कुही. तालुक्यातलं मांढळ मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. हंगामात सातऱ्यांवर, म्हणजे मिरचीच्या खळ्यांवर, लाल मिरची पसरलेली असते, बाया देठ खुडत बसलेल्या असतात आणि वाऱ्याबरोबर ठसका गावभर फिरतो. पूर्वेला आंभोऱ्याजवळ वैनगंगा, दक्षिणेला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचं रान. याच रानातला जय नावाचा वाघ एप्रिल २०१६ नंतर दिसलाच नाही. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, पण तिचा संकेतच थांबला. पाळतीचं यंत्र गप्प होतं तेव्हा काय होतं, हे या भागाला नव्यानं सांगायला नको.

घरोघरच्या कॅमेऱ्यांमागची गोष्ट साधी आहे. पोरं पुण्याला, हैदराबादला नोकरीला. घरी दोघं म्हातारी माणसं, पुढं दुकान, मागं धान्याची खोली. पोरगा दिवाळीला येतो, चार कॅमेरे लावतो आणि आपला कॉलेजच्या दिवसांतला जुना कॉम्प्युटर चित्रणाला जुंपतो. बाजारात तयार डीव्हीआर मिळतो, पण घरात मशीन पडलेलं असताना पैसे कशाला घालायचे? मोफत सॉफ्टवेअर मिळतं, आतली डिस्क आहेच. मशीन फडताळावर चढतं. आई धूळ बसू नये म्हणून त्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकते. पोरगा परत जातो.

यात चूक कुणाचीच नाही. पण त्या डिस्कला तिचं काम बदलल्याचं कुणी सांगितलेलं नसतं.

दिवसाला १७३ जीबी

हिशेब करून पाहू. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या एच.२६४ पद्धतीनं चित्र पाठवतो तेव्हा सेकंदाला साधारण चार मेगाबिट धरतात. चार कॅमेऱ्यांचे सोळा मेगाबिट, म्हणजे दोन मेगाबाइट. हा वेग डिस्कला काहीच नाही, ती सलग लिहिताना सेकंदाला शंभराहून जास्त मेगाबाइट सहज लिहिते. पण हे दोन मेगाबाइट थांबत नाहीत. दिवसाचे १७३ जीबी होतात. एक टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, मग सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहिणं सुरू होतं. वर्षाचं लेखन भरतं सुमारे ६३ टीबी.

घरगुती कॉम्प्युटरच्या डिस्कांना काही उत्पादक वर्षाला ५५ टीबी कामाचा अंदाज देतात. चित्रणासाठी वेगळ्या डिस्का मिळतात, वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. त्यांच्यावर हा आकडा १८० टीबीच्या आसपास असतो. म्हणजे पोराच्या कॉलेजची डिस्क पहिल्याच वर्षी आपल्या वाट्याच्या पलीकडचं काम करते, तेही एक मिनिट न थांबता. त्यातच विंडोजही त्याच डिस्कवर. वाचणारं-लिहिणारं हेड चारही कॅमेऱ्यांच्या फायलींमध्ये पळतं, मध्येच विंडोजच्या अपडेटकडे धावतं, मग अँटिव्हायरस नव्यानं लिहिलेली प्रत्येक फाईल तपासायला मागतो. ही धावपळ टास्क मॅनेजरमध्ये शंभर टक्के दिसते आणि लोक म्हणतात, रॅम वाढवा.

रॅम वाढवून फरक पडतो, पण क्वचित. कुहीतला हा तरुण आधी तीन गोष्टी करतो. चित्रणाचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळतो. पडद्यावर चारही कॅमेरे पूर्ण आकाराच्या प्रवाहाऐवजी लहान प्रवाहावर ठेवतो, कारण चित्र उलगडायचा भार प्रोसेसरवर पडतो. आणि कॅमेऱ्यात सोय असेल तर एच.२६५ चालू करतो, त्यानं लेखन जवळपास निम्म्यावर येतं. यातल्या एकालाही पैसे लागत नाहीत. त्याच्या धंद्याला हे परवडतं कसं, असं विचारलं तर हसला. "पुढच्या खेपेला डिस्क मरतेच ना जी."

विंडोज वेगळ्या एसएसडीवर टाकणं हा चौथा उपाय, थोड्या खर्चाचा. पण चित्रणही एसएसडीवर घ्या म्हणून सल्ला देणाऱ्यांपासून सांभाळावं. २४० जीबीच्या काही स्वस्त एसएसडींवर ८० टीबी लेखनाची मर्यादा छापलेली असते. वर्षाला ६३ टीबीच्या हिशेबानं पुढची दिवाळी निघेल, त्याच्या पुढची नाही.

अडखळणं

हे सगळं करूनही मशीन मंदच राहिलं, तर मग संशय डिस्कवर.

मिनिटाला ५,४०० वेळा फिरणाऱ्या तबकडीची एक फेरी अकरा मिलिसेकंदांची. तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर हेड तरंगत असतं. एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही तर डिस्क पुढच्या फेरीत पुन्हा वाचते, मग पुन्हा. घरगुती डिस्क या बाबतीत हट्टी असते. तिच्या लेखी त्या सेक्टरवर तुमच्या लग्नाचे फोटो असू शकतात, म्हणून ती कित्येक सेकंद सोडत नाही. तेवढ्या वेळात कॅमेऱ्यांकडून येणारं चित्र कॉम्प्युटरच्या मेमरीत साठतं, मेमरी भरते आणि उरलेलं टाकून दिलं जातं. वेळेच्या पट्टीतल्या मोकळ्या जागा बऱ्याचदा इथून येतात.

चित्रणासाठीच्या डिस्का इथे वेगळं वागतात. एखादा सेक्टर अडला तर फार वेळ न घालवता पुढे सरकायचं, असं त्यांना शिकवलेलं असतं. एक फ्रेम गेली तर गेली, पुढचं मिनिट जाता कामा नये. दोन्ही डिस्का यंत्र म्हणून फारशा वेगळ्या नसतात. फरक हट्ट कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, यात आहे.

या अडखळण्याच्या खुणा विंडोज स्वतः नोंदवून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या नावापुढे क्रमांक ७ दिसला तर बॅड ब्लॉक. १५३ म्हणजे वाचन-लेखन परत करून पाहावं लागलं. १२९ म्हणजे डिस्कनं उत्तरच दिलं नाही, शेवटी तिच्याशी नव्यानं बोलणं सुरू करावं लागलं. काकांच्या मशीनवर १५३ च्या ओळी खाली सरकवत गेलं तरी संपेनात. अलीकडच्या तारखा तर एकाखाली एक त्याच. आणि घरच्यांना मशीन स्लो वाटायला लागलं होतं पोळ्यापासून.

स्वतःचा गोपनीय अहवाल

डिस्कच्या आत तिची स्वतःची नोंदवही असते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम ती उघडून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. बहुतेक लोक रंग पाहून बंद करतात. पण ही नोंदवही म्हणजे कर्मचाऱ्यानंच लिहिलेला स्वतःचा गोपनीय अहवाल आहे. शेऱ्यापेक्षा आतल्या नोंदी वाचाव्यात.

मुख्य नोंदी चार-पाचच आहेत. क्रमांक ५ म्हणजे कायमचे बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे संशयित, निकाल बाकी असलेले. १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. १९९ हा तबकडीचा दोष नसतोच. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वायरवर डेटा बिघडल्याची ती मोजणी आहे. शंभर रुपयांच्या आतली साटा केबल बदलून तो थांबतो. हा आकडा मागे कधी येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो कुठे आहे ते लिहून ठेवायचं आणि आठवड्यानं वाढला का ते पाहायचं. १९९ पाहून चांगली डिस्क फेकून दिल्याची उदाहरणं नागपूरच्या बर्डीवरच्या कुठल्याही दुकानात ऐकायला मिळतील. कुहीत तर कॅबिनेटच्या मागच्या भोकातून उंदीरही आत शिरतात, तेव्हा केबल आधी.

आकडे वाचतानाही फसगत होते. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पायाच्या पद्धतीत दाखवतो, त्यात शेवटी ए दिसला तर तो दहा. सीगेटच्या डिस्कवर 'रीड एरर रेट'पुढे भलामोठा आकडा असतो आणि तो पाहून लोक घाबरतात. पण त्यात एकूण वाचनांची मोजणीही मिसळलेली असते, एवढ्यावरून डिस्क खराब ठरत नाही.

मला सर्वांत रंजक वाटला तो १९७. लिहिता लिहिता लाईन, म्हणजे वीज, गेली तर सेक्टर अर्धवट लिहिला जातो. पुढच्या वेळी वाचताना त्याची आतली पडताळणी जुळत नाही आणि डिस्क त्याला संशयितांत टाकते. तबकडी मात्र तिथे शाबूत असते. चित्रणाचा कॉम्प्युटर पाच-सहा दिवसांनी त्याच जागी नवं लिहितो, लेखन नीट झालं की संशय फिटतो आणि १९७ खाली येतो. म्हणून वादळाच्या रात्रीनंतर १९७ वाढला, पण आठवड्यानं शून्यावर आला आणि ५ जागचा हलला नाही, तर ती लाईनीची जखम होती. १९७ कमी होताना ५ वाढत असेल, तर तबकडी खरोखर झिजते आहे. एकाच दिवसाच्या आकड्यावरून हे कळायला मार्ग नाही. हा तरुण डिस्कवरच मार्करनं तारीख आणि दोन आकडे लिहून ठेवतो, मला तर ती मोठ्या प्रयोगशाळेच्या तोडीची पद्धत वाटली.

नोंदवहीवर विश्वास किती ठेवावा? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष सापडल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कांच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त अशा होत्या, ज्यांच्या अभ्यासानं प्रमुख ठरवलेल्या चारही खुणा शेवटपर्यंत शून्य होत्या. वाईट बातमी आली तर ती खरी मानायची, आणि चांगल्या बातमीवर मात्र निर्धास्त व्हायचं नाही.

ऊन आणि लाईन

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. उष्णतेचा डिस्क मरण्याशी संबंध समजत होते तितका घट्ट निघाला नाही. नवीन डिस्का माफक गरमीत नीट चालत होत्या, त्रास दिसला तो फार वरच्या तापमानाला आणि वय झालेल्या डिस्कांना. हा निष्कर्ष ऐकून कुहीतल्यांनी निश्चिंत होऊ नये असं माझं मत. गूगलच्या डिस्का निगराणीतल्या डेटा सेंटरमध्ये होत्या. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पत्र्याखालच्या खोलीत, साडीच्या तुकड्याखाली, मिरचीच्या धुळीनं पंख्याची पाती भरलेली असताना आतल्या डिस्कचं काय होत असेल? बहुतेक डिस्कांची वरची मर्यादा ६० ते ६५ अंश असते. वैशाखात दुपारी तीनला नोंद १९४ उघडून पाहावी, थंडीतल्या आकड्याला काही अर्थ नाही.

अर्थात तापमान सांगणाराही एक सेन्सरच. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचं सांगावं लागलं. डिस्क भर उन्हाळ्यात २१ अंश दाखवत असेल तर तिच्यावरही विश्वास टाकू नये. खोलीपेक्षा थंड चालती डिस्क नसते.

लाईनीचं दुखणं वेगळं. वीज अचानक गेली की डिस्क उरल्यासुरल्या जोरावर हेड घाईनं बाजूला घेते. नोंद १९२ मध्ये असे प्रसंग मोजलेले असतात, आणि पावसाळ्यात गावातल्या डिस्कवर तो आकडा पाहण्यासारखा असतो. घरात इन्व्हर्टर असतो, पण त्यावर पंखे आणि दिवे. कॉम्प्युटर बाहेरच, "तो लय खाते" म्हणून. चार कॅमेरे आणि एक जुनं मशीन यांच्यासाठी छोटा यूपीएस पुरतो. तो अर्धा तास चालायची गरज नाही, मशीन नीट बंद होईपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

आणि दिवाळीची साफसफाई. मशीन चालू असताना कॅबिनेट उचलून खालची धूळ पुसायची, हा घरोघरचा प्रकार. फिरत्या तबकडीवर हेड आपटायला तेवढा हिसका पुरतो. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस डिस्का जास्त येतात, असं हा तरुण सांगतो. त्याच्या दुकानापुरतं ते खरं असेलच.

चोरी झाल्यावर

डिस्क अडखळत असताना चोरी झाली, तर पहिली चूक तपासणीचीच होते. कुणीतरी चेकडिस्क लावतं, तो रात्रभर चालतो आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला प्रत्येक सेक्टर पुन्हा वाचायला लावतो. सकाळी चित्रणही नाही आणि डिस्कही नाही. आधी मशीन बंद करायचं. मग डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडायची आणि तिची पूर्ण प्रत घ्यायची. यासाठी डीडीरेस्क्यू हे मोफत साधन उत्तम. ते सोपा भाग आधी उचलतं, अवघड जागा नोंदवून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. तपासणी नंतर, तीही प्रतीची. डिस्क फ्रीजमध्ये ठेवून चालू होते, ही अफवा अजून जिवंत आहे. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात फ्रीजबाहेर काढलेल्या डिस्कवर दव जमतं, एवढं सांगून पुढे जातो.

चित्र मिळालं तरी प्रश्न संपत नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातला उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच मालकानं न्यायालयात आणून साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे, एक पक्षकारानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या ठशासारखा आकडा, तोही लिहावा लागतो. आणि यंत्र त्या काळात नीट चालत होतं, हेही सांगावं लागतं. मध्ये मध्ये मोकळ्या जागा असलेल्या चित्रणाला उलटतपासणीत काय काय विचारतील, याची कल्पना करता येते.

दुसरी अडचण घड्याळाची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की लाईन जाऊन आल्यावर काही मशीनं कित्येक वर्षं मागे जातात. चोर २०२५ मध्ये आला आणि चित्रणावर २००९. सेल किरकोळ किमतीचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळणारा.

नवी म्हणून जुनी

काकांच्या डिस्कची नोंद ९, म्हणजे चालू असलेले तास, ३१,००० च्या पुढे होती. वर्षाचे ८,७६० धरले तर साडेतीन वर्षं अखंड. नोंद ५ वाढत होती, १९९ शून्य. केबलला दोष द्यायला जागा नव्हती. काका आधी म्हणाले, फॉरमॅट मारून पाहू. मग म्हणाले, बर्डीवर स्वस्तात मिळते म्हणतात.

मिळते, आणि तिथेच तास पाहायचे असतात. चित्रणाच्या डिस्का जुन्या यंत्रांतून काढून, नवं लेबल लावून विकल्या जातात. तासांचा आकडाही पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्का विक्रेत्यांच्या साखळीत नव्या म्हणून खपल्याचं उघड झालं. स्मार्टमधले तास शून्यावर आणलेले होते, पण डिस्कच्या आणखी आत फार्म नावाची दुसरी नोंद असते, तिच्यात हजारो तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स या साधनाची नवी आवृत्ती ती नोंद वाचू शकते. बिल आणि कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांकाची वॉरंटी तपासणं, हा गिऱ्हाइकाला जमणारा उपाय.

शेवटी दोन टीबीची चित्रणाची डिस्क आली, जुन्या डिस्कवरून विंडोज लहान एसएसडीवर गेलं, साडीचा तुकडा निघाला. पोराला पुण्यात फोन लावून पैशांचं बोलणं झालं. वॉरंटी तीन वर्षांची ऐकून काका खूश झाले.

"म्हणजे तीन वर्षं फुटेजले काही होत नाही?"

"वॉरंटी डिस्कची हाय काका. बिघडली तर कंपनी दुसरी देते, कोरी."

काकांनी थोडा विचार केला आणि जुनी डिस्क मागून घेतली. भंगारवाला पन्नास देतो म्हणे. तरुणानं ती दिली नाही. तिच्यावर घरात कोण कधी येतं-जातं ते सगळं आहे, तबकडीला ड्रिलनं भोक पाडल्याशिवाय ती बाहेर जाणार नाही, असं त्यानं सांगितलं. मग नव्या डिस्कवर मार्करनं तारीख लिहिली, खाली ५ आणि १९७ यांच्यापुढे शून्य, आणि अक्षयतृतीयेनंतर दुपारच्या वेळी पुन्हा यायचं ठरवून तो मांढळकडे निघाला.